छबूनं न घेतलेलं नाव

आमच्या छबूच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. हे मी एकटाच म्हनत न्हाई, आख्खी वाडी म्हनती. शेजाऱ्याची म्हैस गाभन हाय हे शेजाऱ्याच्या आधी आमच्या चुलीपाशी मालूम असतं, आन् आमच्याकडं काल कोनती भाजी करपली ते सकाळी फाट्यावरच्या हाटेलात. मांजरसुंब्याहून बीडला जाईस्तोवर एष्टीत शेजारी बसलेल्या बाईला छबूनं आपलं माहेर, सासर, गुडघेदुखी आन् माझा तापट स्वभाव, सगळं सांगून टाकलेलं असतं. तापट स्वभाव म्हनं. जन्मभर हिचं ऐकून घेनाऱ्या मानसाला तापट म्हनायचं, तर गरीब कुनाला म्हनावं?

पन एक गोष्ट तिच्या तोंडातनं कधी निघाली न्हाई. माझं नाव.

जुन्या बायांची रीतच हाय, नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. पन बाकीच्या बाया उखान्यात तरी घेतात. छबूनं तेबी केलं न्हाई. लग्नात उखान्याची पाळी आली तवा ती रडाया लागली, आन् लोकांनी पोरीला माहेर आठवलं म्हनून सोडून दिली. ते रडनं खोटं व्हतं असं माझं आजबी म्हननं हाय. माझं नाव धोंडीराम, म्हनून तिनं धोंडा हा शब्दसुद्धा टाकला. पायात आला तर दगड. अधिक महिन्याला सगळं गाव धोंड्याचा महिना म्हनतं, आमच्या घरात त्यो 'जास्तीचा महिना'. बँकेत साहेबानं पतीचं नाव इचारलं की ही माझ्याकडं बोट करनार, आन् मी संगं नसलो तर कागद तसाच घेऊन घरी येनार. तिच्या फोनमधी मी 'रोहिणीचे आप्पा' हाय.

खरं सांगू? मला लई वाटायचं, एकदा तरी हिच्या तोंडून ऐकावं. पन हे बोलायचं कुनापाशी? या वयात मानूस असलं बोलला की लोक हसतात.

आता छबू म्हंजे साधीसुधी बाई समजू नका. कपिलधारच्या वरच्या अंगाला डोंगरात आमच्या वाड्या हायेत, सगळा माळ सीताफळाचा. आधी व्यापारी जागेवर यायचा, नाक मुरडायचा आन् त्यो म्हनंल त्यो भाव. छबूनं वाड्यावाड्यातल्या बाया गोळा केल्या, बायांची कंपनी काढली, आन् हैद्राबादचा मोठा खरेदीदार धरला. ती कंपनीची अध्यक्ष. मी तिथं क्रेट उचलतो. मला काई वाटत न्हाई त्याचं. म्हंजे वाटायचं, पन आता न्हाई वाटत.

सीताफळाचं एक हाय. त्याचे डोळे उघडले, म्हंजे खवलं फाकली, की तोडायचं, आन् तोडलं की पळायचं. आज कडक, उद्या मऊ, परवा त्याला कुत्रं इचारत न्हाई. म्हनून गाडी कुठं जायची ते एकदा ठरलं की ठरलं. गाडी दस्तगीरची. दस्तगीर बीडचा, माझा जुना दोस्त. छबूला भाबी म्हनतो, आन् तिच्या हातची शेंगदान्याची चटनी डब्यात पडल्याबिगर गाडीला चावी लावत न्हाई.

गेल्या हंगामात घात झाला. ऐन तोडनीत छबूला कुनाचा तरी फोन आला. ताई, तुमचं कंपनीचं खातं बंद पडायलंय, फोनवर नंबर आला असंल त्यो सांगा. त्यो ताई म्हनला, तेवढ्यावर हिनं नंबर सांगितला. वरनं त्याला जेवला का म्हनून इचारलं. त्या नंबराच्या जोरावर भामट्यानं हिचं व्हाट्सॅप आपल्या हातात घेतलं, आन् हिच्याच नावानं, हिच्याच नथीतल्या फोटोसकट दस्तगीरला निरोप गेला, की हैद्राबादला जाऊ नको, माल अमुक गोडाऊनला उतरव. भाबीचा निरोप म्हनल्यावर दस्तगीर कशाला दुसऱ्याला इचारतोय? उतरवला माल. दुसऱ्या दिवशी तिथं ना मानूस ना माल, नुसतं कुलूप लटकत व्हतं.

मग झाली मीटिंग. आमची उपाध्यक्ष विजयमाला उभी राहिली. बाई मनानं साफ, पन जीभ म्हंजे विळा. ती म्हनाली, अध्यक्षांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, तर कंपनीचा कारभार ह्यांच्या हातात ठेवायचा कशाला? आता हेच मी घरात रोज म्हनत व्हतो. पन भर मीटिंगमधी दुसऱ्यानं म्हनलं तवा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काई बोलायच्या आत छबूच उठली. म्हनाली, येत्या हंगामात माझ्या नावानं एक जरी क्रेट भलतीकडं गेलं, तर मी खुर्ची सोडीन आन् परत तिकडं पाय ठेवनार न्हाई.

घरी आली ती चुलीपुढं गप बसली. छबू गप बसली, म्हंजे इचार करा. खुर्चीचं तिला काई न्हाई. पन त्या बायांना उंबऱ्याच्या भाईर काढताना तिनं सासवांच्या शिव्या खाल्ल्या, नवऱ्यांच्या खाल्ल्या, थोड्या माझ्याबी खाल्ल्या. ती कंपनी तिच्या जिवातली. मला तिच्याकडं बगवंना, म्हनून मी उगाच बैलांना वैरन टाकाया गेलो. वैरन आधीच टाकली व्हती.

आमची लेक रोहिणी पुन्याच्या एका कंपनीत हाय. तिचं काम काय, तर कम्पुटरवर जो 'मी मी' म्हनतो त्यो खरंच त्योच हाय का हे बगायचं. आजकाल ती घरूनच काम करती, माडीवर बसून, कानाला ते लावून. आईचा पडलेला चेहरा बगून तिनं सांगितलं, हंगामाच्या आधी मी तुमच्या कंपनीला असं काई करून देते की तुझ्या नावानं दुसरं कुनी बोलूच शकनार न्हाई.

पहिल्यांदा तिनं काय केलं, तर दर बाईला एक गुपित शब्द ठरवाया लावला. हुकूम द्यायच्या आधी त्यो शब्द फोनला सांगायचा. कुनालाच सांगायचा न्हाई म्हनून बजावलं. बाया खुरपायला बसल्या, आन् पहिला वाफा सरायच्या आत सगळ्यांचे शब्द सगळ्यांना मालूम. निम्म्यांनी तर 'कपिलधार'च ठेवलेला. रोहिणीनं कपाळाला हात लावला. मग तिनं शब्दाच्या जोडीला फोनवर येनारा नंबर ठेवला, आन् बायांना बसवून पुन्ना सगळं समजावलं, कुनी कितीबी गोड बोललं तरी सांगायचं न्हाई. छबू सगळ्यात पुढं बसून मान हलवत व्हती.

दोन-चार दिवसांनी रोहिणीनं परीक्षा घेतली. माडीवर बसून, कम्पुटरमधनं आवाज बाप्याचा करून, परक्या नंबरानं आईलाच फोन लावला. छबू खाली भाकरी थापत व्हती, मी ताटावर. फोनवरचा बाप्या म्हनला, मॅडम, मी रोहिणीताईंच्या हापिसातनं बोलतो, जरा तपासनी चालू हाय. आमची छबू त्याला काय म्हनती, तर बाबा, रोहिणीनं कुनालाबी सांगू नको म्हनून सांगितलंय. मला वाटलं, चला, सुधारली. पन पुढचं ऐका. ती म्हनाली, पन तू तिच्याच हापिसातला, म्हंजे घरचाच, तुला सांगायला काय हरकत हाय? आन् शब्द सांगितला, नंबर सांगितला, वर त्याला पावसाचं इचारलं.

रोहिणी फोन हातात घेऊनच जिना उतरली. छबूनं तिच्याकडं बगितलं, मग आपल्या फोनकडं. तिच्या ध्यानात आलं. तिनं पिठाचा हात पदराला पुसला.

"मला न्हाई जमायचं गं हे," ती म्हनाली. "सोडते मी खुर्ची. विजयमाला खरंच बोलली."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पन मला आला राग, मला नेहमी त्योच येतो. मी ताट सारलं आन् लेकीवर वराडलो, तुला काई अक्कल हाय का, आईची परीक्षा घेतीस? तुझ्या आईच्या तोंडातनं जगातली कोनतीबी गोष्ट काढून घेता येती, एक माझं नाव सोडून. त्यावर कर काय करायचं ते.

मी आपलं रागानं बोलून गेलतो. पन रोहिणी तिथंच पायरीवर बसली. आईला म्हनाली, "आई, खरं सांग, आप्पांचं नाव तुझ्या तोंडातून का निघत नाही?"

छबू लाजली. या वयातबी लाजती. म्हनाली, "निघत न्हाई म्हंजे? ते काय सांगायची गोष्ट हाय का? ते हाय. आत हाय. तोंडात येतच न्हाई, तर निघंल कुठनं?"

रोहिणी भाकरी न खाताच परत माडीवर गेली. मी म्हनलं, आता ही पोरगी रुसली. पन दुसऱ्या दिवशी ती खाली आली ती हसतच. तिनं आमाला समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. आजवर ती बायांना गुपित देत व्हती आन् वरनं म्हनत व्हती सांगू नका. पन जे सांगता येतं ते कधी ना कधी सांगितलं जातंच. भामटा आज ताई म्हनंल, उद्या माय म्हनंल. मानसाला दोष देऊन भागत न्हाई. तर बाईपाशी सांगन्यासारखं काई ठेवायचंच न्हाई. मग तिनं एष्टीत, बाजारात, फोनवर कितीबी बोलावं. छबूला हे लई पटलं. बोलायची मुभा मिळाली म्हनल्यावर पटनारच.

तर तिनं असं केलं, की फोनच्या पोटात एक चावी ठेवली. ती चावी कुनाला दिसत न्हाई, बाईलाबी न्हाई. बोट टेकवलं की फोन आतल्या आत सही करतो आन् सही तेवढी भाईर जाती, चावी घरातच. आन् समोर कोन मागतंय ते फोन आधी बगतो. कुनी हुबेहूब आमच्या कंपनीसारखं पान बनवून पाठवलं तरी फोन त्याला वळखच देत न्हाई, कारन त्याची वळख चेहऱ्यावरनं न्हाई, पहिल्या भेटीवरनं हाय. गोड बोलन्याचा तर प्रश्नच न्हाई, फोनला कुठं कान हायेत. मी म्हनलं हायेत की, पन रोहिणीनं माझ्याकडं लक्ष दिलं न्हाई.

गाडीचंबी तसंच. गाडी कुठं जायची हे छबूच्या फोनवरनं दस्तगीरच्या फोनला जानार, आन् खरं असलं तर तिथं हिरवी पट्टी येनार. हिरवी पट्टी न्हाई तर हुकूम न्हाई. मग फोन येवो, निरोप येवो, फोटो येवो, नाही तर छबू सोता फोनवर रडो.

पहिली भेट समोरासमोर व्हायला पायजे, म्हनून सगळ्या बाया कपिलधारला देवळाच्या ओट्यावर जमल्या. धबधब्याला पानी व्हतं, बायांनी धपाटे आनले व्हते, काम कमी आन् सहल जास्ती. दर बाईच्या दोन्ही बाजूला दोन वळखीच्या बाया उभ्या राहायच्या आन् आपापल्या फोनवर साक्ष द्यायच्या, की हीच ती. सोयरीक जमवताना दोन घरी चौकशी करतो, तसंच. पन बोट टेकवायची येळ आली आन् सगळं अडलं. खुरपून खुरपून, तोडून तोडून बायांच्या अंगठ्यावर रेघच उरलेली न्हाई. फोन कुनाचाच अंगठा घेईना. रोहिणीचं तोंड एवढंसं झालं. मग एकीकीची बोटं तपासता तपासता तिच्या ध्यानात आलं की करंगळीला काम कमी, तिच्या रेघा शाबूत हायेत. झालं, आख्ख्या कंपनीच्या करंगळ्या लागल्या. दस्तगीरची करंगळी ग्रीसनं काळी, ती तेवढी रॉकेलनं धुवावी लागली.

विजयमालानं तिथंबी फाटा फोडलाच. फोन हिरीत पडला तर काय, म्हनाली. रोहिणी म्हनाली, लाख मोलाचं बोललीस मावशी, भामटे तिथूनच घुसतात. फोन हरवला म्हनून नुसता फोन करून नवा फोन चालू व्हनार न्हाई. बाईनं सोता यायचं, दोन बायांनी समोर बगून साक्ष द्यायची. आन् अध्यक्षांच्या साक्षीला एक बाई उपाध्यक्षच पायजे. छबूच्या शेजारी उभं राहून 'हीच ती छबुबाई' म्हनून विजयमालाला करंगळी टेकवावी लागली, तवा छबूनं तिला धपाट्याचा मोठा तुकडा दिला.

पहिली गाडी निघाली तवा सकाळची उन्हं व्हती. क्रेट मीच भरलं. छबूनं करंगळी टेकवली, दस्तगीरच्या फोनवर हिरवी पट्टी आली, डब्यात चटनी गेली, गाडी निघाली. शेडमधी रोहिणीनं एका मोठ्या फोनवर गाडीचा ठिपका लावून ठेवला व्हता. बाया फळं निवडत व्हत्या आन् एक डोळा ठिपक्यावर. मांजरसुंबा गेलं, केज गेलं. केजच्या पुढं ठिपका थांबला.

चहाला थांबला असंल, मी म्हनलं. चहा पिऊन झाला असता, जेवन झालं असतं, ठिपका हालंना. छबूनं फोन लावला तर त्याचा फोन चालूच, दुसऱ्या कुनाशी बोलतोय. पुन्ना लावला, तेच. विजयमाला म्हनाली, झालं, गेल्या सालचंच लागलं. छबूच्या हातात एक फळ व्हतं, ते तिनं इतकं दाबलं की फुटलं, आन् तिला कळलंबी न्हाई. मी तिच्या हातातनं ते काढून घेतलं आन् हात पुसून दिला. सगळ्या बायांसमोर. जन्मात कधी केलं नव्हतं मी असलं. ती हळूच म्हनाली, आज मी घरी जाते, उद्या तुमी माझी खुर्ची आत ठेवून द्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दस्तगीर. मी स्पीकरवर टाकला. पलीकडनं आधी नुसतं खोखो हसू येत व्हतं. मी म्हनलं, हसतो काय बे, इथं आमच्या जिवाला घोर लागलाय, गाडी कुठं हाय? त्यो म्हनला, गाडी रस्त्याच्या कडंला हाय, माल गाडीत हाय, आन् धोंडूभाई, आधी एक सांग, भाबी शेजारी हाय का? खरीवाली?

मग त्यानं सांगितलं. केजच्या पुढं त्याला भाबीचा फोन आला. नंबर वेगळा, पन आवाज तिचाच, तसाच बोलताना मधीच खाकरनारा. कंपनीच्या जाहिरातीत छबूची इतकी भाषनं हायेत, आजकाल त्यावरनं आवाज बनवता येतो म्हनं. आवाज रडत व्हता. दस्तगीरभाई, हैद्राबादवाला माल घ्यायला न्हाई म्हनतो, तू माघारी बीडच्या अंगाला वळ, मी पत्ता सांगते. माझा फोन पान्यात पडला, म्हनून हिरवी पट्टी येनार न्हाई. पट्टीचं त्या भामट्याला मालूम असनारच, छबूनं ते अख्ख्या बाजारात सांगितलं व्हतं. दस्तगीर म्हनला, भाबीचं रडनं ऐकून माझा पाय ब्रेकवरच गेला, खोटं कशाला सांगू, गाडी वळवावी असं आलतं मनात. पन पट्टी न्हाई. मी म्हनलं, भाबी, तुमी इजयमालाताईला घेऊन बसा, साक्ष द्या, नवा फोन चालू करा, मी इथंच थांबतो. तर ती म्हनती टाइम न्हाई. मी म्हनलं मला हाय. ती लई काकुळतीला आली. मी हालंना. शेवटी ती म्हनती...

आन् परत हसाया लागला. मी दोन शिव्या दिल्या तवा थांबला.

"शेवटी ती म्हनती, माझ्यावर भरोसा न्हाई तर धोंडीरामला इचार. धोंडीराम इथंच उभा हाय."

मग विजयमालाच आधी हसली, आन् मग सगळ्या बाया अशा हसल्या की क्रेट पडलं. छबू आन् नवऱ्याचं नाव. दस्तगीर सांगत व्हता, मी त्या बाईला म्हनलं, भाबी, तुमची तबेत बरी हाय ना, आन् तिनं फोनच ठेवला. तेवढ्यात इकडं छबूनं करंगळी टेकवली, दस्तगीरच्या फोनवर परत हिरवी पट्टी आली, हैद्राबाद. गाडी निघाली.

माल पोचला, कडकचा कडक. त्या खरेदीदारानं अख्ख्या हंगामाचा शब्द दिला. मीटिंगमधी विजयमालाच उभी राहून म्हनाली, खुर्चीचं कुनी नाव काढू नका, आन् छबूच्या कपाळाला तिनंच कुंकू लावलं. मी गावभर सांगत सुटलो, की कंपनी माझ्या नावानं वाचवली. रोहिणीला ते पटंना. म्हनाली, आप्पा, नावावरनं कळलं ते नशिबानं, उद्याचा भामटा तेबी शिकून येईल. हिरव्या पट्टीनं दस्तगीरकाकांना थांबवलं, म्हनून त्याला जास्ती बोलावं लागलं, आन् जास्ती बोलला म्हनून चुकला. पोरगी खरं बोलत व्हती. मी तिला तसं सांगितलं न्हाई.

पन खरी गोष्ट पुढंच हाय. दस्तगीरच्या फोनमधी सगळे फोन आपोआप साठून राहतात. त्यो परत आल्यावर आमच्या अंगनात खाटंवर बसून त्यानं ते लावून दाखवलं. मी ऐकलं. छबूचाच आवाज. 'धोंडीरामला इचार.' माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हनलं, परत लाव. त्यानं लावलं. मी म्हनलं, अजून एकदा. मग मी छबूकडं बगितलं आन् माझं हसू गेलं. ती उंबऱ्यात उभी व्हती, तोंड लाल, डोळ्यात पानी. माल चोरीला गेलता तवाबी ती अशी रडली नव्हती.

"मला पहिल्यांदा घ्यायचं व्हतं ते," ती म्हनाली. "त्या मेल्यानं माझ्या आवाजात घेऊन टाकलं."

दस्तगीरनं गपचूप ते पुसून टाकलं आन् चहा न घेता गेला. हिला घ्यायचं व्हतं, हेच मला मालूम नव्हतं. इतक्या सालात न सांगितलेली ही एकच गोष्ट, आन् ती माझ्यापासनंच लपवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासून आलो, तर छबूनं चहा ठेवलेला. रोहिणी अजून झोपलेली. छबूनं तिचा फोन घेतला, माझा घेतला, ज्वारीच्या कोठीत दोन्ही टाकले आन् झाकन लावलं. मी म्हनलं, अगं, हे काय? ती म्हनाली, रोहिणीनं काय सांगितलंय? खरी वळख करायची ती समोरासमोर, आन् मधी कुनी नको. मग ती माझ्यापुढं आली, पदर नीट केला, खाली बगितलं, मग वर बगितलं, आन् घेतलं.

कसं घेतलं ते इचारू नका. उखान्यात घेतलं का साधं घेतलं, तेबी न्हाई सांगनार. भामट्याच्या आवाजात आन् ह्यात फरक व्हता एवढंच सांगतो, आन् त्यो दस्तगीरलासुद्धा ऐकू आला असता. चहा उतू गेला.

छबूनंबी हे अजून कुनाला सांगितलेलं न्हाई. विजयमालाला वास लागलाय, ती मला रोज इचारती, धोंडूभावजी, आजकाल तुमी लई खुशीत दिसता, काय भानगड हाय? मी म्हनतो, गाडी भरायची हाय, बाजूला सर.